सर्व्हेलन्स म्हणजे सर्वेक्षण की पाळत?

शुद्धलेखनवाली
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात एका एपिडेमिऑलॉजिस्ट (पेपरातल्या भाषेत साथरोगतज्ज्ञ) बाईंचं व्याख्यान आहे, विषय डिसीज सर्व्हेलन्स. पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात. सगळीकडे असतं तसं ‘रोग सर्वेक्षण’ लिहून बाईंना पाठवलं. त्यांचा फोन आला, “अहो, सर्वेक्षण म्हणजे मोजायला जायचं आणि मोजून परत यायचं. आम्ही परत येत नाही.” मग ‘रोगांवर पाळत’ केलं, तर वाचनालयातले काका म्हणाले, व्याख्यान सीआयडीचं आहे का? शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

जुना पेठकर
काकांचं बरोबर आहे. पाळत माणसावर ठेवतात. त्यातून हे पुणं. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घराघरात शिरले त्याला आपण अजून झडतीच म्हणतो, तपासणी कुणी म्हणत नाही. त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, आणि २०२० मध्ये कपाटातून तोच निघाला.

इंग्रजीतही हा शब्द असाच बदनाम होता बरं का. पूर्वी त्याचा अर्थ रोग्याच्या सहवासात आलेल्या माणसांवर नजर ठेवणं, लक्षण दिसलं की वेगळं काढणं एवढाच. अमेरिकेतल्या अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९६३ च्या एका लेखात तो माणसांवरून उचलला आणि रोगावर ठेवला. नोंदी सतत जमवायच्या, त्यांचा अर्थ लावायचा, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना कळवायचं. म्हणजे बाईंची तक्रार साठेक वर्षं जुनी आहे.

निवृत्त आरोग्यसेवक
आम्ही सर्वेक्षणही म्हणायचो नाही नि पाळतही. ‘सर्व्हे’. ताप सर्व्हे, कंटेनर सर्व्हे. पिंपात टॉर्च मारायचा, डासाची अळी वळवळली की पिंप पालथं. घरातली बाई पाणी ओतू देत नसेल तर ॲबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकायचं. दारामागं खडूनं तारीख. हे झालं की संध्याकाळी तक्ता भरायचा, आणि त्याचा कंटाळा सगळ्यांना. पण तुमच्या बाई म्हणतात ते काम त्या तक्त्यात आहे, पिंपात नाही. एका गल्लीतून तापाचा एक पेशंट आला तर तो नुसता ताप. एरवी या दिवसांत एखादाच येणाऱ्या गल्लीतून आठवड्यात सहा आले, की साहेबांचा फोन वाजलाच.

धायरीकर
आमच्या भागातलं ताजं उदाहरण देतो. जानेवारी २०२५, सिंहगड रस्ता, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार). आधी काय झालं? हातापायातली ताकद गेलेले रुग्ण नेहमीपेक्षा जास्त येतायत हे दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, त्यांनी कळवलं. पथकं घरोघर फिरली ती नंतर, विहिरीच्या पाण्याकडे बोट गेलं तेही नंतर. पथकं फिरली ते सर्वेक्षण. आधी जे झालं त्याला मराठीत नाव नाही, म्हणून पेपरात ते येतही नाही.

कोशकीटक
पर्याय तपासू. ‘निगराणी’ हिंदीतून आल्याचं लगेच कळतं. ‘देखरेख’ मुकादमाची. ‘टेहळणी’ मला आवडतो, पण बुरुजावरून बाहेर बघायची असते, आणि इथला शत्रू आपल्याच पिंपात.

जाता जाता, ‘साथरोगतज्ज्ञ’ही अपुरा आहे. ही मंडळी मधुमेह, कर्करोगही अभ्यासतात, त्यांची कुठे साथ येते? (साथ येते, पसरते, ओसरते. आणि साथ देतातही, तबल्यावर. मराठीच जाणे.) परिभाषेत ‘जानपदिक’ शब्द आहे. चरकाच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसनीय: वायू, पाणी, देश, काळ बिघडले की निरनिराळ्या प्रकृतीची माणसंही एकाच वेळी एकाच रोगानं जातात. ‘एपिडेमिऑलॉजी’तला ग्रीक डेमॉस म्हणजेही लोकच. चपखल जुळतं.

शुद्धलेखनवाली
‘जानपदिक रोगशास्त्रज्ञ’ छापलं तर सभागृहात बाई आणि मी.

एसटीप्रवासी
लहानपणी स्टँडच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेलं असायचं, ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही, तरी अक्षरं कितीतरी पावसाळे टिकली. त्यातलं क्रियापद बघा. शोधा नाही, धरा नाही, कळवा. धायरीकरांना हवं ते नाव तिथंच आहे.

निवृत्त आरोग्यसेवक
आणि उलटंही कळवायला पाहिजे हो. तक्ते वर जायचे, वरून खाली काहीच यायचं नाही. मग पोरं अंदाजपंचे आकडे भरायची.

शुद्धलेखनवाली
झालं. नामाचा हट्टच सोडला. ‘रोगांवर लक्ष: कोण कळवतं, कोण मोजतं, कोण धावतं’ असं करून बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, छान, फक्त ‘कोण धावतं’ काढा, ते दुसऱ्या खात्याचं काम. काढलं. ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम’ हे सरकारी नाव २००४ पासून रुळलेलं आहे, ते आतल्या मजकुरात जसंच्या तसं ठेवलंय.

आता दुसऱ्या परिच्छेदातला ‘निकट सहवासित’ राहिला. काकांनी तो मोठ्यानं वाचला आणि काकू आत निघून गेल्या. कॉन्टॅक्टला दुसरं काही आहे का?