'हाय टाइड लाइन'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

खाडीकाठची: किनारा व्यवस्थापन आराखड्यावर गावाच्या हरकती मराठीत टाइप करतेय. कुणी 'उच्चतम भरती रेषा' लिहून दिलंय, कुणी नुसतं 'भरती रेषा', एकाने तर चक्क 'पूररेषा'. बरोबर काय?

अष्टमीचाभांग: पूररेषा नको, ती नदीची. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतली व्याख्या बघा ना, स्प्रिंग टाइडला पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती रेषा. स्प्रिंग टाइड म्हणजे आपलं उधाण, अमावास्या-पौर्णिमेचं. मग सरळ 'उधाणरेषा' म्हणा की! 'उच्चतम' वाचून लोकांना वाटतं वादळात आलेलं आजवरचं सगळ्यात मोठं पाणी.

नकाशेवाला: शब्द झकास आहे, पण नकाशावरची रेषा कुणी उधाण बघून ओढलीये असं समजू नका हं. लँडसॅट, आपला रिसोर्ससॅट हे उपग्रह सूर्याच्या वेळेला बांधलेले, जेव्हा येतील तेव्हा सकाळी साधारण दहा-साडेदहालाच डोक्यावरून जाणार, आणि मुंबईकडे उधाणाची भरती भरते दुपारी बारा-एकला, म्हणजे यांच्या फोटोत उधाणाचं पूर्ण पाणी सापडतच नाही, कितीही वर्षांचे फोटो जमवा.

अष्टमीचाभांग: हे भारीये! आमच्याकडे हिशोब असाय की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा. मग अष्टमीला साडेदहाला पाणी बऱ्यापैकी उतरलेलंच असणार. मग रेषा काढतात कशावरून?

नकाशेवाला: खुणांवरून. वाळूच्या टेकाडाची कड, कायमची झाडी जिथून सुरू होते ती जागा, कांदळवनाची जमिनीकडची बाजू वगैरे, आणि मग जागेवर जाऊन पडताळा. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे चेन्नईच्या एनसीएससीएम या किनारा व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय केंद्राने आखलेली रेषाच प्रमाण धरायची. आणि स्केल बघा. १:२५,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर, आणि दाट वस्तीच्या गावात ना-विकास पट्टा (रेषेपासून आत बांधकामाला बंदी असलेला) आहेच मुळी ५० मीटरचा, म्हणजे रेषा कुठून गेली यावर एखाद्याचं अख्खं घर आत का बाहेर ते ठरतं. त्यामुळे हरकत १:४,००० च्या गावनकाशावर सर्व्हे नंबर दाखवून घ्या, नुसतं 'रेषा चुकली' लिहून कोण ऐकतंय.

खाडीकाठची: आमचं भांडण खाजणाच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेताच्या बांधाचं आहे. बांध आजोबांच्या वेळचा, नकाशात रेषा पार बांधाच्या आत शेतात घुसवलीये.

नकाशेवाला: मग तुमची बाजू पक्की आहे. बांध किंवा स्लूस गेट (बांधातलं पाणी सोडायचं दार) १९ फेब्रुवारी १९९१च्या आधीचं असेल तर रेषा बांधावरच थांबवायची असं अधिसूचनेतच आहे. पुराव्याला ऐंशीच्या दशकातली लँडसॅटची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका ३० मीटरचा, त्यात दोन-तीन मीटरचा बांध दिसायचा नाही. दिसेल तो फरक, एका बाजूला ओलं, दुसऱ्या बाजूला कोरडं शेत. सोबत जुना सातबारा जोडाच, नुसत्या चित्रावर विसंबू नका.

खाडीकाठची: जोडते. 'उधाणाची भरती रेषा' लिहिते मग, 'उधाणरेषा' ऑफिसात कुणी कवितेतली म्हणायला नको 😄 आणि स्लूस गेटला? आम्ही उघाडी म्हणतो.

अष्टमीचाभांग: गोव्यात मानस म्हणतात. तुम्ही उघाडीच लिहा, पण पहिल्यांदा 'उघाडी म्हणजे स्लूस गेट' असं एकदा टाका, नाहीतर तपासणारा सगळीकडे बांधच शोधत बसेल.