पावणेदोन लाख किलोमीटर धावलेली डिझेल गाडी घ्यावी की नाही?

मूळ प्रश्न (कोल्हापूर)
माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची २०१३ ची स्विफ्ट डिझायर व्हीडीआय (डिझेलमधला एक प्रकार) विक्रीस आहे. मीटरवर १,७४,००० किलोमीटर दिसतात, ते स्वतः पहिलेच मालक आहेत आणि दोन लाख सत्तर हजार रुपये मागत आहेत. महिन्यातून तीन-चार वेळा गडहिंग्लजला जाणे आणि आईला तपासणीसाठी कोल्हापुरात आणणे, एवढ्यासाठीच मला गाडी हवी आहे. महिन्याला सातशे किलोमीटरच्या वर फिरणे होणार नाही. कर्ज न काढता आईला ऐसपैस बसता येईल अशी दुसरी गाडी या पैशांत दिसत नाही, म्हणून ती घ्यावी असे माझे मत आहे. धाकट्या भावाचा मात्र ठाम विरोध आहे. एवढी धावलेली गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे, असे तो म्हणतो. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १ (सांगली)
अवश्य घ्यावी. या गाडीत फियाटच्या रचनेचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आहे आणि त्याचे भाग एका तालात फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट नसून जास्त टिकणारी चेन आहे. वेळेवर तेल बदलले तर हे इंजिन दोन लाखांच्या पुढेही उत्तम चालते, हे प्रवासी वाहतुकीतील कोणताही चालक सांगेल. महामार्गावर पाचव्या गियरमध्ये सरळ धावलेले पावणेदोन लाख आणि शहराच्या गर्दीत क्लच दाबून दाबून काढलेले ऐंशी हजार, यांतून निवड करायची झाल्यास मी पहिली गाडी घेईन. मला भीती वाटते ती कमी आकडा दाखवणाऱ्या जुन्या गाडीची, कारण मीटर मागे फिरवणे अवघड नाही. इथे मालक मोठा आकडा लपवत नाहीत, हीच मोठी गोष्ट आहे.

प्रतिसाद २ (पुणे)
इंजिनाविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण प्रश्नकर्त्याचा वापर पाहता मी या व्यवहाराच्या विरोधात आहे. वर्षाला ८,४०० किलोमीटर होतील. डिझेल लिटरला ९० रुपये आणि सरासरी लिटरमागे वीस किलोमीटर धरली, तर इंधनाला सुमारे ३८,००० रुपये लागतील. पेट्रोल १०५ रुपये आणि सरासरी सोळा धरली, तर सुमारे ५५,०००. म्हणजे डिझेलमुळे वर्षाला सतरा हजार वाचतील, आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) किंवा इंजेक्टरचे (डिझेल फवारणारा भाग) एक मोठे काम निघाले की दोन वर्षांची बचत एका दिवसात संपेल. जो महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरतो त्याने हा धोका पत्करावा. सातशे फिरणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. शिवाय या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर आहेच, आणि नूतनीकरणाचे जे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आहे. थोडक्या वर्षांसाठी पावणेतीन लाख ही किंमत मला जास्त वाटते.

प्रतिसाद ३ (इचलकरंजी, गॅरेजचे काम करतो)
वरील दोघांनी गाडी न पाहताच निर्णय दिला आहे. मालकांना आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका असे सांगून सकाळी थंड इंजिनावर ती स्वतः सुरू करावी. पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट ऐकू आला किंवा निळा धूर निघाला तर पुढे बोलणी करू नयेत. मग इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण सैल करावे. तिथून जोराने वाफ बाहेर फेकली जात असेल तर इंजिनातील पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. मीटर आणि गाडीची अवस्था जुळते का हे पेडलचे रबर, स्टीअरिंगची झीज आणि चालकाचे आसन पाहून कळते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील जुन्या नोंदी मालकांनीच मागवून दाखवाव्यात. बँकेचा बोजा उतरला आहे का आणि दंडाची चलने थकली आहेत का, हेही पाहावे. एवढे करूनही क्लच, सस्पेन्शनचे (धक्के शोषणाऱ्या यंत्रणेचे) रबरी बुश आणि टायर यांसाठी चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवावे लागतील, आणि ते किमतीतूनच वजा करून मागावेत.

प्रतिसाद ४ (नाशिक)
सगळी चर्चा यंत्राभोवती फिरते आहे आणि आत बसणाऱ्या माणसाचा विचार मागे पडला आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्या व्हीडीआयमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहे, पण एअरबॅग नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि अल्टो के-१० ची सुरुवातीची शोरूम किंमत चार लाखांच्या आत आली. तिच्यात सहा एअरबॅग मिळतात. थोडे कर्ज झाले तरी चालेल, पण आईसाठी गाडी घेत असाल तर तिच्या सुरक्षिततेत काटकसर करू नये.

मूळ प्रश्नकर्ता
नोंदी मिळाल्या. १,४६,००० किलोमीटरपर्यंत दर दहा हजारांना तेल बदलल्याचे दिसते; पुढच्या कामाच्या खासगी गॅरेजच्या पावत्या आहेत, त्यांतील एक मात्र सापडत नाही. रविवारी सकाळी मेकॅनिकला घेऊन जाणार आहे, आणि गाडी ठीक निघाली तर दोन लाख तीस हजारांच्या वर जाणार नाही. नव्या छोट्या गाडीबाबत एवढेच सांगतो की रस्ता कर आणि विमा धरता ती साडेचार लाखांच्या घरात जाते, आणि आईच्या गुडघ्यांना तिच्यात मागे बसणे त्रासाचे होते. ती नेहमी मागेच बसते. पुढच्या एअरबॅगचा तिला उपयोग काय?

प्रतिसाद ४ (नाशिक)
सहांपैकी दोन पडद्यासारख्या असतात आणि बाजूने धडक बसल्यास मागच्या प्रवाशाच्या डोक्याचे रक्षण करतात. गुडघ्यांची अडचण मात्र खरी आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही. डिझायरच घेणार असाल तर रविवारी मागचे दोन्ही सीटबेल्ट पूर्ण ओढून, झटका देऊन ते अडकतात का हे पाहा, आणि पहिल्या दिवसापासून आईंना पट्टा लावायला सांगा.