सांगली-मिरजेत जुनं काय बघावं? वडिलांना घेऊन येतोय

नाशिककर:
पुढच्या महिन्यात लग्नासाठी सांगलीला येतोय. लग्नाचा दुसरा दिवस मोकळा आहे. वडील ७५ चे, गड चढणं आता जमत नाही, पण जुनी देवळं, जुने बाजार म्हटलं की त्यांना हुरूप येतो. तरुणपणी पेटी वाजवायचे. गणपतीचं दर्शन तर घेणारच. मिरजेला जाण्यात अर्थ आहे का?

मिरजवाली:
पेटी वाजवायचे म्हणताय, मग अर्धा दिवस मिरजेलाच द्या, दादा. आधी मीरासाहेब दर्ग्यात जा. १९३७ साली गेलेल्या, किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आवारात आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, मोठमोठे गवई येऊन सेवा रुजू करतात. काकांना तिथे निवांत बसू द्या, घाई करू नका.

मग सतारमेकर गल्ली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाहेरून काच बघून परतणाऱ्यांना त्यातलं काही कळत नाही. आत जा. कोपऱ्यात वाळलेले भोपळे रचलेले दिसतील, कुठे दांडीवर नक्षी चाललेली असेल. खरं बघायचं ते जवारी काढणं, म्हणजे तारेचा आवाज घुमेल असा जुळवणं. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने जरासा घासतो, तार चढवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, की पुन्हा तार उतरवून घासतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा इकडेतिकडे सरकवतो आणि एका जागी आवाज एकदम फुलतो. माझ्या तानपुऱ्याची जवारी मी तिथेच काढून घेते, आणि दर वेळी त्या क्षणी अंगावर काटा येतो. काही घेतलंत तर भावात घासाघीस मात्र करू नका. हे कानाचं काम आहे, एका दिवसात शिकता येत नाही.

हरिपूरचा:
ताईंशी सहमत. संध्याकाळ हरिपूरला काढा. संगमेश्वराच्या देवळाजवळ कृष्णा-वारणेचा संगम आहे. हळद साठवायची जमिनीखालची पेवं इथलीच. वर तोंड लहान, आत माणूस उतरेल एवढी मोठी. २००५ च्या पुरात बरीच गेली. उरलेल्यांतलं एखादं बघायचं तर गावातल्या जाणत्याला विचारा, आपण होऊन झाकणाला हात लावू नका. आणि हळदीचे सौदे बघायचे असतील तर सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात, उन्हाळ्याच्या तोंडावर आवक जोरात असते.

नाशिककर:
मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवलं, आता मिरज पक्कं. एक शंका, विकत काही घ्यायचं नसेल, नुसतं बघायला गेलो तर चालतं का?

मिरजवाली:
चालतं. आधी विचारा, म्हणजे झालं. फक्त जवारी चालू असताना मधे बोलू नका, कारागिराचा सगळा जीव कानात असतो. कानस खाली ठेवली की काय ते विचारा. काका पेटीवाले आहेत हे सांगा, बोलणं आपोआप सुरू होईल.