मूल नसलेल्या कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेची सवलत मागावी का?

जास्वंद

मी रत्नागिरीतील एका खासगी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करते. आम्हां पती-पत्नीला मूल नाही. गेल्या वर्षी कार्यालयाने लहान मुलांच्या पालकांसाठी अशी सोय केली की त्यांनी सकाळी सोयीच्या वेळी यावे, लवकर निघावे आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करावे. सोय चांगली आहे आणि ती कोणाकडून काढून घ्यावी असे माझ्या मनात मुळीच नाही. मात्र महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची घाई असते तेव्हा, साडेचारनंतर आलेली प्रत्येक अडलेली नोंद माझ्याच टेबलावर येते. "तुम्हाला घरी जायची कसली घाई?" हे वाक्य साहेब हसत म्हणतात, पण ते म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत आंबा उतरवण्याच्या दिवसांत मला पावसच्या घरी राहून आठवड्यातून दोन दिवस काम करता आले, तर सासऱ्यांना गडी आणि पेट्या एकट्याने सांभाळाव्या लागणार नाहीत. असा अर्ज केल्यास माझ्या निष्ठेविषयी शंका घेतली जाईल का?

परशुराम घाट

मी लोटे औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मनुष्यबळ विभाग पाहतो. आपला प्रश्न आमच्याकडे वेगळ्या रूपात येतो. प्रक्रिया चालू असताना पुढच्या पाळीचा माणूस येऊन नोंदवहीवर सही करीपर्यंत आधीच्या पाळीच्या माणसाला जागा सोडता येत नाही. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला आणि खेडकडचा माणूस पोहोचला तरी चिपळूणचा अडकला, की कोणाला तरी दुसऱ्या पाळीसाठी थांबवावे लागते, आणि पर्यवेक्षक सवयीने अविवाहित किंवा मूल नसलेल्या माणसाकडेच वळतो. जादा कामाचे दुप्पट दराने पैसे मिळतात हे खरे. पण नकार देण्याची मुभा फक्त पोरेबाळे असणाऱ्यालाच आहे, हे त्या माणसाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

निष्ठेविषयी एक सांगतो. जॉन मायर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन पदर मांडले: मनापासूनची ओढ, सोडल्यास होणाऱ्या नुकसानीची धास्ती आणि राहणे हे आपले कर्तव्य आहे ही भावना. आपल्या कोकणात दुसरा पदर फार जाड असतो. घर, बाग आणि म्हातारी माणसे इथे, आणि दुसरी बरी नोकरी बहुधा मुंबई-पुण्याला. त्यामुळे माणूस वीस वर्षे टिकला म्हणजे तो निष्ठावान आहे, असा हिशेब आमचे व्यवस्थापन करते तेव्हा ते स्वतःचीच फसवणूक करून घेत असते. सवलतीतून वाढते ती पहिली ओढ, आणि तिचा संबंध मुलांच्या संख्येशी नसून आपल्यावर विश्वास टाकला गेला की नाही याच्याशी असतो.

दोन शाळांची आई

मी कुडाळची. मला दोन मुले आहेत आणि आपल्या कार्यालयासारखीच सवलत मी घेते, म्हणून दुसरी बाजू मांडते. केवळ पालकांना दिलेली सवलत ही मेहेरबानी ठरते. मी चार वाजता पिशवी उचलली की शेजारचे टेबल गप्प होते, आणि बढतीच्या वेळी "त्यांना घरचे व्याप आहेत" असे माझ्या वतीने कोणीतरी ठरवून टाकते. हीच सोय सर्वांना असती तर माझे लवकर निघणे ही बातमी झाली नसती. आपण अर्ज केलात तर माझ्यासारखीचे नुकसान होईल, असा संकोच कृपया बाळगू नका.

निवृत्त, देवगड

मला हे सरसकट पटत नाही. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभे असलेले सहा वर्षांचे मूल आणि आंब्याची पेटी यांत फरक आहे. कायद्यानेही तो मानला आहे: २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. सवलत सर्वांना खुली करा, पण एकाच दिवशी दोघांनी मागितली आणि एकालाच देता आली, तर ती मुलाच्या पालकाला मिळावी.

परशुराम घाट

काकांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे; पण अग्रक्रम देणे निराळे आणि बाकीच्यांना दारच बंद करणे निराळे. ब्रिटनमध्ये २००३ साली कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क लहान किंवा अपंग मुलांच्या पालकांपुरताच होता; २००७ मध्ये प्रौढ आप्तांची काळजी घेणाऱ्यांना तो मिळाला, आणि ३० जून २०१४ पासून २६ आठवडे नोकरी झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, कारण काहीही असो, मागणी करता येऊ लागली. हक्क मागणीचा आहे, मंजुरीचा नव्हे, हेही लक्षात घ्यावे. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीने दोन दिवस घरून काम देण्याचा प्रयोग १,६१२ कर्मचाऱ्यांवर केला, तेव्हा कोणाला सवलत मिळावी हे जन्मतारीख सम की विषम यावरून ठरवले होते. नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत घट दिसली नाही. ही माहिती २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली.

जास्वंद

सर्वांचे आभार. अर्जात सासऱ्यांचे वय आणि बागेची अडचण लिहावी का? लिहिले तर दया मागितल्यासारखे वाटते, आणि न लिहिले तर कारणच नाही असे म्हणतील.

परशुराम घाट

कारण एका ओळीत लिहा आणि उरलेला कागद कामाला द्या. बँक ताळमेळ आणि खरेदीच्या नोंदींची पडताळणी यांसारखी कोणती कामे घरून होतात, मूळ बिले पाहण्यासाठी कोणते दिवस कार्यालयात येणे भाग आहे, आणि ११ ते २० या तारखांत आपण घरून काम मागत नाही, एवढे स्पष्ट करा. पावसच्या घरी इंटरनेट कितपत चालते आणि वीज गेल्यास काय सोय आहे, हा प्रश्न साहेब पहिल्याच बैठकीत विचारतील, तेव्हा त्याचे उत्तर आधीच अर्जात घाला. मुदत दोन महिन्यांची मागा. आणि साडेचारनंतरच्या नोंदींचा विषय या अर्जात आणू नका. त्यासाठी वेगळे पत्र द्या, नाहीतर दोन्हींवर एकच नकार येईल.