बीगल दिवसभर घरात एकटा, शेजारी वैतागलेत. काय करू?

चिकूची आई
नमस्कार. आम्ही वारज्यात चौथ्या मजल्यावर राहतो. चिकू दोन वर्षांचा बीगल. सासूबाई होत्या तोवर प्रश्नच नव्हता, दिवसभर तो त्यांच्या पायाशी. जूनमध्ये त्या दिरांकडे साताऱ्याला गेल्या आणि इथे रामायण सुरू झालं. मी हिंजवडीला, नवरा खराडीला, लेक बारावीत, म्हणजे कॉलेज आणि मग क्लास. सकाळी साडेआठला दार ओढलं की संध्याकाळी सहापर्यंत घरात माणूस नाही. चपलांचं कपाट कुरतडून झालं, सोफ्यातला स्पंज हॉलभर पसरून झाला. आता खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, तो दुपारभर गळा काढतो. सोसायटीनं तर ‘कुत्रा ठेवायचा की नाही ते ठरवा’ असं पत्रच दिलंय. नवरा म्हणतो बाल्कनीत बांधू, लेक म्हणते सोबतीला अजून एक आणू. मला दोन्ही पटत नाही. सकाळी वीसेक मिनिटं फिरवतो, बॉल टाकतो. अजून काय करायचं?

टेकडीवाला
वीस मिनिटं म्हणजे नुसता चहा झाला, जेवण कुठंय? पहाटे वेताळ टेकडीवर न्या, तासभर पळवा. दिवसभर घोरत पडेल. आमचा लॅब असाच सरळ झाला.

कर्वेनगरची काकू
टेकडीवाले, फिरवणं वाढवायला हवं हे कबूल. पण नुसतं दमवून कुत्रा शांत होतो यावर माझा विश्वास नाही. रोज पळणारा कुत्रा पहिलवान होतो, मग त्याला तासही पुरत नाही. आणि बीगलला टेकडीवर मोकळा सोडायचा सल्ला कुणी देऊ नका. वास लागला की हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि तिथे मोर आहेत.

आता तुला सांगते. लेक बारावीत म्हणजे तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील, म्हणून अगंतुगं करते. आधी जुना मोबाइल हॉलमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेव आणि कामाला जा. दार बंद होताच धापा टाकणं, लाळ गळणं, दार ओरबाडणं, घरातच शू, असं दिसलं तर ती एकटेपणाची भीती. त्याला घरगुती उपाय करत बसू नकोस, डॉक्टरांना व्हिडिओ दाखव. पण आधी निवांत झोपला आणि नंतर उठून कपाटाकडे वळला, तर पोराला उद्योग नाही, एवढंच.

बीगल ही सशाच्या शिकारीसाठी टोळीनं पाळलेली जात. म्हणून त्याला सोबत लागते, आणि म्हणूनच तो आवाज दोन इमारती पलीकडे जातो. त्याचं सगळं डोकं नाकात. बॉल फेकून नाकाला काय काम मिळणार? फिरताना ओढत नेऊ नकोस, प्रत्येक खांब आणि झुडूप हुंगू दे. अंतर कमी झालं तरी चालेल. सकाळचं खाणं वाटीत देणं आजपासून बंद. निम्मं जुन्या सतरंजीच्या घड्यांत लपव, थोडं पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली. रबराचं आतून पोकळ खेळणं मिळतं, त्यात मऊ भात, दही आणि उकडलेला लाल भोपळा भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेव आणि निघताना दे. चाटत बसतो. हे सगळं रोजच्या खाण्यातूनच वजा करायचं, बीगल फार पटकन सुटतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. पीनट बटर भरणार असशील तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते बघ, कुत्र्यांना ते विष आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. साडेनऊ तास हा खेळण्यानं भरून निघणारा वेळ नाही. दुपारी माणूस यायलाच हवं. भांड्याच्या बाई, इमारतीतला कॉलेजचा मुलगा, कुणीही, फक्त कुत्र्याला न घाबरणारं. खाली नेऊन शू करवायची, थोडं हुंगू द्यायचं, परत. पैसे जातील, पण सोफ्यापेक्षा कमी.

बाल्कनीचं नाव काढू नकोस. ऊन, पाऊस, खाली दिसणारी प्रत्येक मांजर, म्हणजे भुंकण्याला आमंत्रणच. आणि दुसरा कुत्रा आणलास तर बहुतेक दोघं मिळून गळा काढतील. चिकूला माणूस हवंय.

घरी आल्यावर स्पंज बघून ओरडत जाऊ नका. तो कान पाडून बघतो ना, ते तुमच्या आवाजाला घाबरून. सकाळच्या कारभाराशी त्याचा काही संबंध लागत नाही त्याला.

माजी सेक्रेटरी, सिंहगड रोड
पत्राबद्दल. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, भुंकण्याच्या कारणावरूनही नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला जोडून दोन ओळींचं उत्तर द्या, बस. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ तुमच्या यजमानांनाही वाचायला द्या. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर ती क्रूरताच धरली आहे. आणि कायदा आजोबांच्या तोंडावर फेकू नका. त्यांची दुपारची झोप मोडतेय हे खरंच आहे. वर जाऊन काय उपाय करताय ते सांगा.

टेकडीवाला
वर नाही हो, खाली. ते खालच्या मजल्यावर राहतात. :)
काकू, मोराचं मान्य. पट्टा लावूनच न्या म्हणायचं होतं. पावसाळ्यात टेकडीवरून आल्यावर गोचिड्या तपासा, कानामागे आणि बोटांमध्ये.

चिकूची आई
रेकॉर्डिंग बघितलं. आम्ही गेल्यावर थोडा वेळ दारापाशी बसला, मग चक्क सोफ्यावर झोपला. लाळ वगैरे काही नाही. मग आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली, कुरिअरवाला समोरच्यांकडे आला, आणि तिथून जो सूर लागला तो थांबेना. मध्येच उशी फाडली. संध्याकाळी नदीपात्राकडून ढोल-ताशांचा सराव ऐकू येतो, तेव्हाही हेच. धुणंभांडी करणाऱ्या मावशी दुपारी यायला तयार आहेत, त्यांना तो आवडतोही.

कर्वेनगरची काकू
मग सोपं आहे. त्याला हॉलमध्ये ठेवूच नकोस. लिफ्टपासून लांबची खोली दे, दार लाव, पाणी ठेव, रेडिओ बोलता ठेव. खिडकीचे पडदे ओढ. आधी एक-दोन रविवार तुम्ही घरात असताना तिथे खेळणं देऊन बसवा, म्हणजे ती खोली शिक्षा वाटणार नाही. ढोलाच्या वेळी निदान लेक तरी घरी असेल असं बघ. गणपतीत तर हा आवाज रोजचाच असणार.

मावशींना या कामाचे वेगळे पैसे ठरव, भांड्यांच्या पगारात घालू नकोस. आणि सुरुवातीला पट्टा तू धर, त्यांना नुसतं बरोबर चालू दे. बीगल अचानक ओढतो, त्यांचा खांदा दुखावला तर पंचाईत. गळ्याऐवजी छातीचा पट्टा घे.