अनुभव धागा: चर्चने हाती घेतलेलं सेवाकार्य, सुरुवात कशी झाली?

पापडीकर

नमस्कार मंडळी.

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) येत्या उपवासकाळापासून (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) एक काम सुरू करायचं चाललं आहे. एकटे राहणारे वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांच्या घरी नियमित जायचं. इथली परिस्थिती अनेकांना माहीत आहे. मुलं आखातात, कॅनडात. वाडीत मोठं घर आणि घरात दोन म्हातारी माणसं, कधी एकच. बाजूला इमारती उभ्या राहिल्या, तिथेही तेच चित्र, फक्त तिथले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत. फादरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की काम चर्चचं असलं तरी यादी सगळ्या गावाची हवी.

संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आमच्याकडे आहेच. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. गरजूच्या घरी स्वतः जाणं हा तेव्हापासून तिचा कणा. पण आमच्याकडे ही जबाबदारी वाहणारी मंडळी आता स्वतः सत्तरीत आहेत, त्यामुळे तरुणांना बरोबर घेऊन नव्याने बांधणी करायची आहे.

चर्चच्या किंवा चर्चच्या आवारातून चाललेल्या कामात तुम्ही हात घातला असेल तर लिहा. तुमचा धर्म कुठलाही असो. काय करायचं हे कोणी ठरवलं, पैसे कुठून आले, आज ते कोण चालवतं? माझं मत आधीच सांगते: काय हवं आहे हे ज्याला हवं त्याने सांगितलेलं असेल तरच असं काम टिकतं. धान्याची पाकिटं वाटणं सोपं जातं, म्हणून आपण सगळे पटकन तिकडे वळतो.

खाडीकाठ

आमचं काम पाण्यातून सुरू झालं. जुलै २०१८ चा पाऊस वसई-विरारकर विसरणार नाहीत. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज गेलेली, मोबाइल मेलेले. चर्चचा हॉल थोडा उंचावर, म्हणून तो उघडला आणि मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यांत खिचडी शिजायला लागली. कोणाची कुठली आळी हे विचारायला वेळच नव्हता.

जेवण पोहोचवणं जमलं. अवघड गेलं ते दुसरंच. एका घरातून निरोप आला की आजोबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे आणि फ्रिज बंद. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कुपी पिशवीत घट्ट बांधून पाण्याने गार केलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा. तसं केलं. मग लक्षात आलं, अशी आणखी किती घरं असतील? कोणालाच सांगता येईना.

पाणी ओसरल्यावर आमच्या तरुणांनी एक वही केली. वाडीवार घरं. कोण इन्सुलिनवर, कोण ऑक्सिजनवर, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणाकडे माळा आहे, कोणाकडे जनरेटर, कोणाकडे होडी. प्रत्येक वाडीला दोन माणसं जबाबदार, त्यातलं एक तरी बिगर-ख्रिस्ती घरातलं. दरवर्षी मे महिन्यात वही घेऊन घरोघर फिरायचं आणि नावं दुरुस्त करायची. माहिती खाजगी असते, म्हणून वहीचा फोटो काढायचा नाही आणि ग्रुपवर टाकायचा नाही, हे पहिल्या पानावर लिहिलंय.

या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही. पापडीकर, तुमची यादी करताना ही वही जरूर मागा, आनंदाने देऊ.

जुनं नगर

शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या त्या सिंथिया फरारबाईंकडे, याच गावात. असा वारसा असला की मंडळीला वाटतं, शिक्षणाचं काही करायचं तर शाळाच काढली पाहिजे.

आमच्या महिला संघातल्या बायकांनी वेगळी वाट धरली. चर्चच्या मागच्या वस्तीत जाऊन दहावीच्या मुलांना विचारलं, तुम्हाला काय कमी पडतं? आम्हाला वाटलं होतं गणित-इंग्रजीची शिकवणी मागतील. मुलांनी मागितली जागा. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, चूल, पाहुणे आणि अभ्यास, सगळं एकदम चालतं. मुलींनी आणखी एक गोष्ट मागितली, कडी लागणारं संडास.

म्हणून अभ्यासिका. उपासना नसलेल्या दिवशी चर्चचा हॉल संध्याकाळी रिकामाच असायचा. ट्यूबलाइट वाढवल्या, सतरंज्या टाकल्या, पिण्याच्या पाण्याचा जार ठेवला. चर्च कमिटीत विजेच्या बिलावरून बराच खल झाला. शेवटी हॉलला वेगळा सबमीटर बसवला आणि ते बिल दरमहा एकेका घराने उचलायचं ठरलं.

खरी अडचण पुढे आली. एका मुलीचे वडील पाळकसाहेबांना भेटायला आले आणि सरळ विचारलं, "फी घेत नाही, मग घेणार काय? धर्म?" पाळकसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "तुम्हीच इथे बसत जा आणि बघा." दारावर पाटी लावली: अभ्यासिकेच्या वेळात प्रार्थना, प्रवचन, पत्रकवाटप काहीही होणार नाही. मंडळीतल्या काहींना हे कडू लागलं, आपल्याच हॉलमध्ये आपल्याला बंधन का म्हणून. मला स्वतःला ती पाटी फार मोलाची वाटते. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही त्याला आपली श्रद्धा ऐकवणं हा त्याच्या गरजेचा फायदा घेणं झालं. आणि ते गृहस्थ खरंच येऊन बसायचे. पुढे रात्री हॉलला कुलूप लावायचं काम त्यांनीच मागून घेतलं.

रात्री मुलींना घरी सोडायला महिला संघातल्या दोघी जातात. हे नसतं तर एकही मुलगी दुसऱ्या आठवड्यात आली नसती.

ओ निगेटिव्ह

मुंबईच्या उपनगरातलं चर्च. आमचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, रक्तपेढ्या कोरड्या पडतात. उपवासकाळ आणि ईस्टर साधारण त्याच सुमारास येतात, म्हणून त्यागाचं काही करायचं तर रक्त देऊ, असा विचार एका काकांनी मांडला.

शिबिर भरवणाऱ्यांसाठी एक सूचना. सगळं रक्त एकाच रविवारी गोळा करण्याचा हट्ट धरू नका. साठवलेलं रक्त सुमारे ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट तर पाचच दिवस. रक्तपेढीला विचारून तारखा ठरवा आणि उरलेल्यांची गटवार यादी करून ठेवा, गरज पडेल तेव्हा फोन करता येतो. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

बायका उत्साहाने रांगेत उभ्या राहिल्या आणि कितीतरी जणी परत गेल्या, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली. घरादाराला वाढणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त नाही हे त्या टेबलापाशी दिसलं. त्यातून आमचं दुसरं काम निघालं, वस्तीतल्या बायकांची हिमोग्लोबिन तपासणी आणि लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या जातात ना यावर लक्ष. माझ्या मते ते शिबिरापेक्षा जास्त गरजेचं आहे.

केतकी इंग्लंडहून

मी हिंदू, राहते मिडलंड्समधल्या एका छोट्या गावात. मुलगा शाळेत गेल्यावर दिवस रिकामा वाटायचा, म्हणून जवळच्या चर्चमधल्या फूडबँकेत जायला लागले. इथल्या बऱ्याच फूडबँका ट्रसेल संस्थेच्या जाळ्यातल्या आहेत. तिची पहिली फूडबँक २००० साली सॉल्झबरीत सुरू झाली. डॉक्टर, शाळा, समाजसेवक यांच्याकडून व्हाउचर मिळतं, ते दाखवलं की साधारण तीन दिवसांचं जेवण मिळतं.

आत आल्यावर माणसाला आधी बसवतात, चहा देतात. मग विचारतात: घरी शेगडी आहे का? फ्रिज आहे का? वीज भरलेली आहे का? कित्येकांकडे फक्त पाणी उकळायची किटली असते. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी, नुसतं गरम पाणी घालून खाता येईल अशा गोष्टींची. हे पाहून मी थक्क झाले होते. गरीब माणसाला डाळ दिली आणि ती शिजवायला त्याच्याकडे गॅसच नसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आशियाई कुटुंबं येऊ लागली तेव्हा त्यांच्या पिशवीतून टोमॅटोतल्या बीन्सचे डबे परत यायचे. मी व्हिकरबाईंना, म्हणजे त्या चर्चच्या पाळकबाईंना, म्हटलं, मसूर, तांदूळ आणि कणीक ठेवू या. त्यांनी पुढच्याच रविवारी चर्चमध्ये तसं आवाहन केलं. प्रार्थनेचं म्हणाल, तर कोणी स्वतःहून मागितली तर कोपऱ्यात बसून करतात. मला कधी कोणी धर्माबद्दल विचारलं नाही, "पुढच्या मंगळवारी येशील ना?" एवढंच विचारतात.

डोंगरकडा

मी ख्रिस्ती नाही, आमच्या तालुक्यात चर्चही लांब. तरी लिहितो, कारण नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत पाणलोटाचं काम म्हटलं की हर्मन बाखर या स्विस जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) फादरांचं नाव निघतंच. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर 'वॉटर' ही संस्था उभी केली. तिचं दरेवाडीचं काम बऱ्याच जणांनी पाहिलं असेल.

त्या पद्धतीतली मला पटलेली गोष्ट म्हणजे गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच निधी. फुकट आलेल्या बांधाला गाव आपलं मानत नाही.

पण यातली एक दुखरी बाजूही चर्चच्या मंडळींनी लक्षात ठेवावी. चराईबंदीचा पहिला भार भूमिहीन शेळीवाल्यांवर येतो आणि वाढलेल्या पाण्याचा पहिला फायदा विहीरवाल्याला होतो. ग्रामसभेत शेळीवाली बाई मागे बसते, बोलत नाही. 'गावाने ठरवलं' असं आपण म्हणतो तेव्हा ती त्यात असते का, हे कोणीतरी तिच्या दारात जाऊन विचारायला हवं.

हिशेबनीस

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पापडीकर, तुमच्याकडे परदेशी राहणारी माणसं खूप, ती उत्साहाने पैसे पाठवतील. घेण्याआधी थांबा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी, ती एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परदेशी देणगी ठरते. त्यासाठी ट्रस्टची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. प्रेमाने आलेल्या पैशामुळे अख्खा ट्रस्ट अडचणीत यायला नको.

देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोखीत चालत नाही. आणि या कामाचा हिशेब चर्चच्या सणावाराच्या हिशेबात मिसळू नका. वेगळी पावतीपुस्तकं ठेवा आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचनाफलकावर लावा. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र त्यावर कधीही नकोत.

पांढरा गणवेश

मी परिचारिका होते, निवृत्तीनंतर आमच्या मंडळीच्या घरभेटीच्या कामात आहे. तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळची मीच असेन, म्हणून जरा सविस्तर.

घरभेट म्हणजे फळं घेऊन जाणं, प्रार्थना करणं आणि निघणं, असं बहुतेकांच्या मनात असतं. ज्यांना प्रार्थना हवी त्यांच्यासाठी ती जरूर करा, त्याने धीर येतो हे मी पाहिलं आहे. पण एका घरी लकवा झालेल्या सासूबाईंना भेटायला गेलो, तेव्हा निघताना सून दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी दोन तास बसाल का? मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. वर्ष झालं, दाढ दुखतेय."

त्या दिवसापासून आमच्या कामाचा रोखच बदलला. आता आम्ही विचारतो, तुम्हाला बाहेर कधी जायचंय? तेवढा वेळ आम्ही रुग्णापाशी. कोणी बँकेत जातं, कोणी केस कापून येतं, एक बाई नुसती पलीकडच्या खोलीत जाऊन झोपते.

बसणाऱ्याला थोडं शिकवावं लागतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खुबे रोज उजेडात पाहायचे. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावर पांढुरकी होत नसेल तर तिथे चोळायचं नाही, तो भाग उशीवर उचलून धरायचा आणि घरच्यांना सांगायचं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून गरम किंवा कडक लागतं का ते पाहायचं. आडवं झोपवून पाणी पाजायचं नाही, डोकं उंच करून चमच्याने.

बाकीचे नियम पक्के. नेहमी दोघांनी जायचं. घराची किल्ली, पासबुक, एटीएमचा पिन हातात घ्यायचा नाही, कितीही विश्वासाने दिला तरी. औषधाचा डोस आपण बदलायचा नाही. आणि स्वयंसेवकाला सुरुवातीलाच मुदत सांगायची, ईस्टर ते नाताळ, पुढे त्याची इच्छा. मुदत नसली की माणसं न सांगता यायची बंद होतात, आणि ते त्या घराला फार लागतं.

पापडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठ, या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वही घ्यायला येते. हिशेबनीस, तुमचा मजकूर खजिनदारांना वाचून दाखवला. कॅनडाहून येऊ घातलेली एक रक्कम तूर्त थांबवली आहे.

बैठकीत ठरलेली प्रश्नावली बदलतोय. 'रुग्णाला काय हवं' याच्याखाली 'सांभाळणाऱ्याला काय हवं' हा रकाना घातलाय, आणि इमारतींतल्या भेटींसाठी तिथल्याच दोन हिंदू आणि एका मुस्लिम घरातली माणसं बरोबर यायला तयार झालीत. पांढरा गणवेश, ताई, आमच्या मुलांना कूस बदलायला शिकवायला वसईला एक दिवस याल का? जाण्यायेण्याची सोय आम्ही करू.

आणखी एक विनंती. वसई-विरार भागात वापरलेल्या व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या साठवून उसन्या देणारं कोणी माहीत असेल तर इथे लिहा. चर्चमागची खोली त्यासाठी रिकामी करून घेतली आहे, पण आधीच कोणी हे काम करत असेल तर त्यांच्याशी जोडून घेणंच बरं.