महिनाभर फक्त प्रेमकादंबऱ्या: गोड शेवट ही उणीव आहे का?

रेवा (रावपुरा)

जुलैचा अख्खा महिना मी ठरवून फक्त प्रेमकादंबऱ्या वाचल्या. बाहेर बडोद्याचा पाऊस, विश्वामित्री नदीचं पाणी वर येतंय की काय ही कायमची धाकधूक, आणि घरात पुस्तकांचा ढीग. निम्मी पुस्तकं मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतली जुनी मराठी: ना. सी. फडके, चंद्रकांत काकोडकर, कुसुम अभ्यंकर. बाकीची इंग्रजी: जेन ऑस्टिन पुन्हा एकदा, रीजन्सी काळातल्या ड्यूक-उमरावांच्या प्रेमकथा लिहिणारी जॉर्जेट हेयर आणि अलीकडच्या काही लेखिका.

आमच्या वाचनगटात हे सांगितल्यावर एकीने विचारलं, "बरी आहेस ना?" दुसरी म्हणाली, "चला, डोक्याला विश्रांती." हाच सूर मला खटकतो. महिनाभर युद्धकादंबऱ्या वाचल्या असत्या तर माझी तब्येत कुणी विचारली नसती.

नेहमीचा आरोप असा की शेवट आधीच ठाऊक असतो, दोघं एकत्र येणारच, मग वाचायचं काय? मला वाटतं, वाचायचं तिथूनच सुरू होतं. ठुमरीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि समेवर कुठे यायचं हे गाणाऱ्याला नि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं, तरी आपण मांडी मोडत नाही. फैयाज खाँसाहेबांच्या बडोद्यात हे वेगळं सांगायला नको. शेवट ठरलेला असला की लेखिकेला धक्कातंत्रावर जगता येत नाही. हा माणूस या बाईला का आवडावा, हे तिला पानापानावर पटवून द्यावं लागतं.

ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चंच बघा. डार्सीची पहिली मागणी एलिझाबेथ धुडकावते ती जवळपास पुस्तकाच्या मध्यावर. तो श्रीमंत आहे, तिच्या घरावर वारसाहक्काची टांगती तलवार आहे, मुलींच्या हाती काही लागणार नाही, तरी ती नाही म्हणते आणि का नाही ते त्याच्या तोंडावर सांगते. पुढचं अर्धं पुस्तक तो बदलतो. तेही ती मिळेल याची काही खात्री नसताना. आणि शेजारीच तिची मैत्रीण शार्लट आहे, सत्तावीस वर्षांची. एलिझाबेथने नाकारलेल्या त्याच कॉलिन्सला ती डोळे उघडे ठेवून होकार देते, कारण तिला डोक्यावर छप्पर हवं आहे. हे दोन निर्णय शेजारीशेजारी ठेवणारं पुस्तक 'हलकं' कसं?

आपल्याकडे प्रेम गंभीर ठरायचं तर त्यात त्याग लागतो. शेजारच्या गुजरातीतला सर्वांत मानाचा ग्रंथ घ्या, 'सरस्वतीचंद्र', चार भाग, १८८७ ते १९०१. नायिका कुमुद विधवा होते, ज्याच्यावर जीव त्याच्याशी लग्नाचा मार्ग मोकळा होतो, आणि तरीही शेवटी ती त्याचं लग्न आपल्या बहिणीशी लावून देते. वर्षानुवर्षं आपण यालाच उदात्त म्हणत आलो. बाईला हवं होतं ते तिला मिळालं आणि त्यासाठी तिला मरावं, झुरावं किंवा संन्यास घ्यावा लागला नाही, अशी गोष्ट वाचताना मला महिनाभर जे वाटत राहिलं त्याला मी विश्रांती म्हणणार नाही. मला ते न्यायासारखं वाटलं.

मांजलपूरकर

रेवाताई, लिहिलंय छान, पण पटलं नाही.

ऑस्टिनच्या आडून सगळ्या प्रकाराची वकिली करू नका. ऑस्टिन शंभर वर्षांत एखादी होते. बाकीचा माल साच्यातून निघतो. मिल्स अँड बून १९०८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती सर्वसाधारण प्रकाशनसंस्था होती, जॅक लंडनही छापत असे. १९३० च्या दशकात भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून प्रेमकथांना मागणी वाढली तसा त्यांनी मोहरा तिकडे वळवला. यात साहित्याचा निर्णय कुठे आला? तो धंद्याचा निर्णय होता. गिऱ्हाइकाने परत यावं म्हणून शेवट गोड.

गोड शेवटाची अट मान्य केली की लेखक एका गोष्टीला कायमचा मुकतो: हरण्याची शक्यता. मग गरिबी येते, आजार येतो, घरचा विरोध येतो, पण हे सगळे पाहुणे. शेवटच्या प्रकरणाआधी त्यांना निघावंच लागतं. खांडेकरांच्या 'ययाति'त वासना, प्रेम, कर्तव्य यांचा हिशेब जुळतच नाही, आणि तो जुळत नाही म्हणूनच ते पुस्तक मनात राहतं. फडके-खांडेकर वाद, म्हणजे कलेसाठी कला की जीवनासाठी कला, जुना झाला म्हणतात. मी आजही खांडेकरांच्या बाजूने आहे.

जुना सभासद

मांजलपूरकर, फडक्यांना एवढ्यात निकालात काढू नका. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता तो माणूस, आणि कथेच्या तंत्रावर 'प्रतिभासाधन' १९३१ मध्येच लिहून ठेवलंय. पहिल्या भेटीचा प्रसंग कुठे तोडायचा, हे मराठीला त्यांच्याइतकं कुणी शिकवलेलं नाही. त्यांचं जग चकचकीत आहे, पण वाक्य लिहिताना आळस नाही.

आणि भाड्याच्या वाचनालयांना नावं ठेवताय, ते बडोद्यात बसून! सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मग लक्षात आलं की शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर अक्षर विसरलं जातं. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं, गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या. त्या पेट्या उघडणाऱ्यांनी सगळ्यांनी काय तत्त्वज्ञान मागितलं असेल? माणूस आधी गोष्ट मागतो. मांडवीच्या लायब्ररीत लोखंडी कपाटांच्या मजल्यांना खाली उजेड पोचावा म्हणून जाड काचेची जमीन आहे, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी विचारून जरूर पाहावी. वाचकासाठी इतका विचार केलेली वास्तू दुसरी दाखवा.

आमच्या आत्याचं शिक्षण चौथीत थांबलं होतं. तिचं वाचन काकोडकरांनी टिकवलं. पुढे सत्तरीत तिने ज्ञानेश्वरी हातात घेतली ती त्याच सवयीवर.

अश्विनी (फतेगंज)

वाचनाची सवय लागते हे मान्य. पण कसली सवय लागते तेही बघा.

मी शाळेत समुपदेशक आहे. नववी-दहावीच्या मुली मोबाइलवर प्रेमकथांची प्रकरणं वाचतात, रोज एक. नायक उर्मट, नायक पाठलाग करतो, नायक तिचा फोन तपासतो, आणि हे सगळं 'किती जीव आहे त्याचा' म्हणून खपवलं जातं. रेवाताईंच्या यादीतल्या जुन्या मराठी कादंबऱ्याही यातून सुटत नाहीत. लायब्ररीच्या अशाच एका प्रतीत मी पाहिलंय: नायिका निघाली आहे, तो तिचं मनगट धरतो, ती 'सोडा' म्हणते आणि पुढच्याच ओळीत तिच्या गालांवर लाली चढते. समासात कुणीतरी बारीक पेन्सिलने लिहिलं होतं, "ती सोडा म्हणाली आहे." कोण होती देव जाणे, पण तिला कळलं होतं. माझ्या समोर बसणाऱ्या मुलींना अजून कळत नाही. गोड शेवट इथे घातक ठरतो, कारण जे जे आधी घडलं त्या सगळ्यावर तो बरोबरची खूण करतो.

रेवा (रावपुरा)

अश्विनी, मनगटाबद्दल तुझ्याशी माझा वादच नाही. तशा दोन कादंबऱ्या मी या महिन्यात अर्ध्यावर ठेवल्या. पण तुझा मुद्दा मला माझ्याच बाजूचा वाटतो. शेवटाला जर एवढी ताकद असेल, तर तो कुणाच्या पदरात टाकायचा हे लेखकाच्या हातात आहे. अलीकडच्या एका इंग्रजी कादंबरीत घटस्फोटित नायिका आणि तिचा शेजारी स्वयंपाकघरात उभे आहेत. तो जवळ येतो, थांबतो, विचारतो. ती म्हणते, आज नको. तो म्हणतो, बरं, आणि सिंकमधली भांडी घासायला घेतो. पुढची दोन पानं नुसती भांडी आणि गप्पा. एवढा उत्कट प्रसंग मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. तुझ्या मुलींच्या हातात हे पुस्तक द्यायचं की प्रेमकथाच बंद करायच्या?

अश्विनी (फतेगंज)

बंद करा असं मी म्हटलेलं नाही. पण ते पुस्तक इंग्रजीत आहे, आणि माझ्या मुली मराठी-गुजरातीत वाचतात. त्यांच्यापर्यंत मनगटवालाच पोचतो.

मांजलपूरकर

बंदीच्या मी कायम विरोधात. काकोडकरांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नाही असा निर्णय दिला. तो योग्यच होता. पण अश्लील नाही म्हणजे थोर आहे असं होत नाही.

ओवी

मला गोड शेवटाबद्दल बोलायचं नाहीये. तो शेवट कुणाला मिळतो, याबद्दल बोलायचंय.

जुन्या मराठी प्रेमकादंबऱ्यांतली आडनावं एकदा कागदावर लिहून काढा. मी काढली आहेत. गरीब-श्रीमंत चालतं, गिरणीमालकाचा मुलगा आणि मास्तरांची मुलगी चालते, पण दोन्हीकडची आडनावं एकाच पंगतीतली. खरा अडसर जातीचा, आणि तो झाकायला पैशाचा अडसर पुढे केलेला. मग बाप शेवटी विरघळतो. विरघळणारच, त्याचं काय बिघडलं आहे?

नायक-नायिका कमाटीबागेत भेटतात असं वर्णन मी दोनदा वाचलं. मला त्या बागेत दुसरंच आठवतं. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला आले, त्यांना शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, आणि याच बागेत झाडाखाली बसून त्यांनी पुढचा विचार केला. आज तिथे संकल्पभूमी हे स्मारक आहे. त्याच बागेतल्या बाकावर बसून फक्त चंद्र दिसत असेल, तर ते लेखकाने निवडलेलं न दिसणं आहे.

रेवाताईंच्या ड्यूकमंडळींबद्दलही हेच. रीजन्सी म्हणजे इंग्लंडच्या राजाऐवजी युवराज कारभार बघत होता तो काळ, १८११ ते १८२०. इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, पण वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा आला १८३३ मध्ये. मधल्या काळात साखरेच्या मळ्यांचा पैसा चालूच होता. आणि १८१८ मध्ये आपली पेशवाई गेली. त्या कादंबऱ्यांत एखादा कर्नल हिंदुस्थानातून बक्कळ कमाई करून परततो आणि नाचाच्या समारंभात सगळ्या आया त्याच्याकडे वळून बघतात. ती कमाई कुठली, हे मराठी वाचकाने तरी विचारायला नको का?

रेवा (रावपुरा)

ओवी, हेयरच्या पुस्तकात तो कर्नल आला तेव्हा मीही थबकले होते. तू म्हणतेस तो पैसा तिथे आहे आणि लेखिका त्याच्याकडे बघत नाही, हे खरं.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? अमेरिकेत बेव्हर्ली जेनकिन्स १९९४ पासून एकोणिसाव्या शतकातल्या काळ्या नायिकांच्या प्रेमकथा लिहीत आहेत. इतिहासाचा कस बघावा असं लेखन, आणि शेवट ठामपणे गोड. ज्यांच्या वाट्याला पुस्तकांत फक्त यातना लिहिल्या जात होत्या त्यांना त्यांनी प्रेम दिलं, घर दिलं, म्हातारपण दिलं. तिथे गोड शेवट हाच सर्वांत धीट भाग आहे. मांजलपूरकर काका, तुम्ही म्हणता हरण्याची शक्यता हवी. काही माणसांच्या बाबतीत साहित्याने ती एकच शक्यता लिहिली आहे.

जुना सभासद

एक आठवण करून देतो. प्रेम म्हणजे लग्न, ही अटच मराठीच्या पूर्वजांना ठाऊक नव्हती. सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती माहाराष्ट्री प्राकृतात, सुमारे सातशे गाथा. त्यात बायका बोलतात, मैत्रिणीला सांगतात, आत्याला सांगतात, गोदाकाठी कुणाला भेटलो ते सूचित करतात. शेवट नाहीच. एक क्षण आहे नि संपलं. गोड की कडू या वादात आपण लग्नाच्या मांडवाबाहेर पाऊल टाकत नाही, एवढंच.

ओवी

सभासद काका, ते सुंदरच आहे. पण लग्नाबाहेरचं प्रेम आणि लग्नच करू न दिलेलं प्रेम यांत फरक आहे. माझ्या मैत्रिणीला लग्नच हवं होतं. त्यामुळे रेवाताईंचा गोड शेवट मला हवा आहे, फक्त तो फुकट नको.

जात-धर्म न बघता लग्न लावणारा विशेष विवाह कायदा, १९५४. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लागते, आणि ३० दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं. दोघांची नावं आणि पत्ते भिंतीवर. त्या ३० दिवसांत ती मुलगी कुठे राहते, कामावर जाताना कुठला रस्ता टाळते, कोणत्या मैत्रिणीच्या घरी कपड्यांची पिशवी ठेवते, आईला सांगते की नाही. एवढं लिहा, खरी आडनावं घालून लिहा, मराठीत लिहा. पहिली प्रत मी विकत घेईन.

मांजलपूरकर

आणि विसाव्या दिवशी मुलीचा बाप ती नोटीस वाचतो. तुमच्या-माझ्या ओळखीत काय घडलं ते आठवा. प्रामाणिक लेखक कादंबरी तिथेच संपवेल.

रेवा (रावपुरा)

तिथे का संपवेल, काका? तशी लग्नं झालेलीही माणसं याच शहरात राहतात, कारेलीबागेत, वाडी भागात, आमच्या पोळमध्ये, म्हणजे गल्लीत. त्यांच्याकडे भाजी आणली जाते, मुलांच्या परीक्षा होतात. तीही खरीच आहेत, आणि त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. बापाने नोटीस वाचली हे माझ्या कादंबरीतलं सहावं प्रकरण असेल. सातव्यात तो कचेरीत जातो, आणि तिथे ती आधीच येऊन बसलेली असते.

मांजलपूरकर

मग ते सातवं प्रकरण लिहून दाखवा. बाप काय बोलतो, तेवढंच मला वाचायचंय.